चौथीच्या वर्गात पहिलं संशोधन

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

विज्ञान दिनाला चौथीच्या मुलांकडून काय करून घेऊ, असं विचारलंस. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी तेवढा नको. ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, तो देखावा झाला. ज्यांच्या शोधाची घोषणा २८ फेब्रुवारी १९२८ रोजी झाली म्हणून आपण हा दिवस पाळतो, त्या रामन यांना आधी छळलं होतं ते समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नानं. मुलांनाही तसा एक प्रश्न दे.

सोलापुरात तो घरोघरी आहे: कोरा टॉवेल पाणी नीट का टिपत नाही? मात्र चौथीतल्या मुलाला ‘का’ मोजता येत नाही. ‘टॉवेलचा तुकडा पाण्यात बुडायला किती सेकंद घेतो?’ हे येतं. प्रश्न असा वळवणं हेच निम्मं काम, आणि ते घाईनं उरकू नकोस. एक तास त्यातच गेला तरी चालेल.

वर्गातल्या कुणाचे तरी पालक टॉवेलच्या कामात असतीलच. त्यांच्याकडून न धुतलेला, शंभर टक्के सुती, डागी (दोषामुळे बाजूला काढलेला) टॉवेल माग. सगळे तुकडे एकाच टॉवेलचे हवेत. किनारीला लूप (धाग्याचे उभे वळसे) नसतात, ती सोडून ५ सेंमी बाय ५ सेंमीचे तुकडे काप. तीन ढीग कर: कोरे, नुसत्या पाण्यात धुतलेले, साबणानं धुतलेले. मधला ढीग विसरू नकोस. तो नसेल तर फरक साबणानं पडला की पाण्यानं, हे मुलांना कधीच सांगता येणार नाही. साबणाचे तुकडे चार-पाच पाण्यांतून खळबळून काढ. साबणाचा अंश राहिला तर पाण्याचा पृष्ठताण घटतो, तुकडा लवकर बुडतो आणि निष्कर्ष खोटा निघतो. मग तिन्ही ढीग, कोरेसुद्धा, एकाच उन्हात दिवसभर वाळव.

पारदर्शक डब्यात १५ सेंमी पाणी घे. चौघांचा गट: एक तुकडा सोडणारा, एक मोबाइलवर वेळ मोजणारा, एक लिहिणारा, एक नुसता पाहणारा. सोडणारा शेवटपर्यंत एकच ठेव, नाहीतर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. हात कोरडे हवेत. तुकडा वरून टाकायचा नाही, पाण्यावर आडवा ठेवायचा. ‘बुडाला’ कधी म्हणायचं यावर भांडण होणारच. ते आधीच होऊ दे आणि ठरलेलं फळ्यावर लिही. १२० सेकंदांत बुडाला नाही तर ‘तरंगला’ अशी नोंद. प्रत्येक तुकड्याला पाणी नवं, कारण आधीच्या तुकड्याचं फिनिशिंग (कापडाला शेवटी दिलेला थर) किंवा साबण पाण्यात उतरतो. (वापरलेलं पाणी झाडांना जाऊ दे, टंचाईच्या गावात मुलं तो प्रश्न विचारतातच.)

प्रत्येक ढिगातले तीन तुकडे बुडवा. सरासरी काढायला लावू नकोस, भागाकारातच तास संपेल. तिन्ही आकडे चढत्या क्रमानं लिहून मधला घ्यायचा.

मोजण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, खोडरबर दप्तरात. चुकीचा आकडा एका रेघेनं काटायचा, म्हणजे खालचं वाचता येतं. आणि तू स्वतःला जप: अपेक्षित आकडा आला की ‘शाब्बास’ म्हणालीस तर पुढच्या गटाचे आकडे आपोआप तसेच येतील. मुलं पाण्याकडे कमी, बाईंच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात. विचित्र आकडा आला तर ‘पुन्हा करून बघू या’ एवढंच म्हण.

बहुधा कोरा तुकडा सर्वांत जास्त वेळ तरंगेल. कापड मऊ लागावं म्हणून शेवटी दिलेल्या फिनिशिंगचा पातळ थर धाग्यावर असतो, तो पाणी आत शिरू देत नाही. हे मुलांची कारणं ऐकून झाल्यावरच सांग.

पुढे मुलं स्वतःचा प्रश्न आणतील. ज्वारी उगवण्याचा आणला, तर दाणे घरच्या कणगीतले घे. पिशवीतल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती नको.

हे सगळं झाल्यावर केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राला मुख्याध्यापकांच्या सहीनं भेटीसाठी पत्र दे. आधी नेलंस तर मुलं यंत्रं बघून परततील. आता मात्र तिथल्या शास्त्रज्ञांना काय विचारायचं ते वहीत लिहून न्यायला सांग: किती झाडं घेतलीत, तुलना कशाशी केलीत, आणि एखादा आकडा विचित्र आला तर त्याचं काय करता?