सागाचा जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचलाय, मग चोरटी तोड म्हणून पकडलेला ओंडका कुठल्या झाडाचा हे कळेल का?

हो, बेळगावजवळच्या खानापूरला पकडलेला ओंडका तुम्ही दाखवताय त्याच तोडलेल्या झाडाच्या उरलेल्या बुंध्याचा आहे का, हे डीएनएवरून कळतं. पण तो नुसता ‘खानापूरच्या रानातला’ आहे का, हे सांगणं बरंच अवघड. कोइमतूरच्या वन जनुकशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सागाच्या जीनोमचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला, सुमारे ३१.७ कोटी अक्षरांचा (डीएनए ज्या चार घटकांच्या ओळीने बनतो, ती त्याची अक्षरं). त्यात दोन-तीन अक्षरांचा गट ओळीने पुन्हा पुन्हा येतो अशा हजारो जागा सापडल्या. हा गट किती वेळा येतो ते झाडागणिक बदलतं, म्हणून अख्खा जीनोम न वाचता अशा मोजक्या जागा ताडून पाहिल्या तरी भागतं. ओंडका कुठल्या रानातला हे ओळखायचं तर खानापूर, हल्याळ, दांडेली इथल्या उभ्या झाडांचे नमुने आधी गोळा केलेले हवेत, आणि लागवडीचा साग बाहेरच्या बियाण्याचा असला की तिथेही घोटाळा होतो.

खरी मेख नमुन्यात आहे. तो सालीलगतच्या फिकट, पांढुरक्या लाकडातूनच घ्यायला लावा. मधल्या सोनेरी-तपकिरी गाभ्यातल्या पेशी कधीच्याच मेलेल्या असतात, डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, वर त्यातली तेलकट द्रव्यं चाचणीत आडवी येतात. बुंध्याचा नमुना पावसाआधी घ्या. आपल्याकडच्या पावसात उघड्या बुंध्याचं हे फिकट लाकूड लवकर कुजतं.

झाड टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत एकाच झाडाच्या तुकड्यांपासून वाढवलेल्या) रोपाचं असेल तर मात्र त्याच्या सगळ्या भावंडांचा डीएनए जवळपास सारखाच, तिथे ही चाचणी एका झाडावर बोट ठेवू शकत नाही.