उन्हाळी सुट्टीत शिकायला असलेल्या देशातून घरी स्वस्तात कसं यावं?

परीक्षेच्या तारखा कळल्या की लगेच तिकीट बघा. सुट्टीच्या पहिल्या शनिवार-रविवारी सगळेच निघतात. दोन-चार दिवस मागेपुढे केलंत तर भाडं बरेचदा उतरतं. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना जादा सामान नेऊ देतात, तेही तपासा.

दोन वेगळी तिकिटं जोडायचा मोह मलाही झाला होता. पहिलं विमान रखडलं, दुसरं निघून गेलं, नवं तिकीट पदरच्या पैशांनी! शिवाय अशा वेळी मधल्या विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात आणि त्यासाठी बाहेर पडायचं तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. त्यापेक्षा एकाच तिकिटावरचा दहा तासांचा कंटाळवाणा थांबा परवडला. खायचं मात्र सोबत ठेवा, विमानतळावर सगळंच महाग.