गच्चीची किल्ली मागून घ्या

प्रश्न : आम्ही इंदिरानगर भागातील एका इमारतीत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर शनिवार-रविवारी मॉल, गेम झोन आणि बाहेरचे जेवण यांवर दोन-अडीच हजार रुपये सहज खर्च होतात आणि घरी परतल्यावर मुले पुन्हा मोबाइल घेऊन बसतात. माझे सासरे पंचवटीतील वाड्यात वाढले. घरात पैसा बेताचा होता, पण करमणूक कधी कमी पडली नाही, असे ते सांगतात. फ्लॅटमध्ये राहून हे शक्य आहे का? सुरुवात कोठून करावी? – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : शक्य आहे, आणि सुरुवात गच्चीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्ते, सागरगोटे, गाण्याच्या भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल हे खेळ आपल्याला कोणीही सुचवील आणि ते चांगलेच आहेत. परंतु पत्त्यांचा जोड मुलांच्या हाती देऊन आपण स्वयंपाकघरात निघून गेलात, तर दुसऱ्या दिवशी तो कपाटात जाऊन पडेल. आमच्या घरी बदाम सात रंगत असे, कारण आजी स्वतः डावात बसत असे आणि इस्पिकची सत्ती शेवटपर्यंत दाबून धरत असे. नातवंडांना जिंकू द्यावे, असे तिच्या मनातही येत नसे, आणि म्हणूनच तिच्यावर कधी डाव लागला, तर तो आनंद आठवडाभर पुरत असे.

गच्चीवर मात्र मोठ्यांना निघून जाता येत नाही, कारण तिथे दुसरे काही काम नसते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने मे महिन्यात दुपार कितीही तापली, तरी रात्री बहुधा वारा सुटतो. जुन्या नाशकातील आमच्या गच्चीवर दिवस मावळताना दोन बादल्या पाणी शिंपडण्याचे काम मुलांकडे असे. पहिले पाणी पडताच तापलेल्या फरशीतून चर्र आवाज येई, मातीचा वास सुटे आणि ते पाणी पाहता पाहता आटून जाई. दुसरी बादली ओतल्यावरच फरशी पायाला गार लागे. मग सतरंज्या, त्यांवर गोधड्या, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि कडेला कोणी झोपायचे यावरून ठरलेले भांडण.

तेथेच वडिलांनी आम्हाला आकाश शिकवले आणि आपल्या मुलांनाही ते शिकवता येईल. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड केले, की सप्तर्षी उंचावर दिसतात. त्यांच्या चौकोनातील, शेपटीपासून दूरच्या बाजूच्या पुलह आणि क्रतू (ध्रुवाकडचा) या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे त्या अंतराच्या सुमारे पाचपट वाढवली, की ध्रुव सापडतो. नाशिकचे अक्षांश सुमारे २० असल्यामुळे ध्रुवही क्षितिजापासून तितक्याच अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक दोन मुठी ठेवल्या, की वरच्या मुठीच्या वर तो येतो. हे माप मुलांना स्वतःच्या हातांनी घेऊ द्यावे. मुलांचा हात आखूड असला, तरी मूठही लहान असल्याने ते बहुधा जुळते. सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती. माझ्या भावंडांना ती दिसे आणि मला दिसत नसे. मी हट्टाने ‘दिसली’ म्हणत राहिले, तरी आईने ते ओळखले आणि पुढच्याच आठवड्यात मला चष्मा लागला. महिनाअखेरीस आग्नेयेकडे वृश्चिक वर येताना दिसेल. त्यातील तांबूस ज्येष्ठा मुलीला नक्की आवडेल.

शहराच्या दिव्यांमुळे आता पूर्वीइतके तारे दिसत नाहीत, हे खरे आहे. परंतु वर सांगितलेल्यांपैकी अरुंधती सोडल्यास बाकीचे इंदिरानगरातूनही दिसावेत. मोठी अडचण कुलपाची आहे. आमच्या सध्याच्या इमारतीतही गच्ची कायम बंद असे आणि मुले पडतील, हे कारण दिले जाई. ती काळजी अनाठायी नव्हती. म्हणून आम्ही तीन घरांनी मिळून लेखी विनंती केली, प्रत्येक वेळी दोन मोठी माणसे सोबत राहतील असे त्यात लिहिले आणि मुलांची अंथरुणे कठड्यापासून दूर, मधोमध घालण्याचे मान्य केले. तेव्हा शनिवारची किल्ली मिळाली.

पावसाळ्यात गच्ची सुटेल, तेव्हा सासऱ्यांना पुढे करावे. गोदावरीला पाणी चढले, की घाटावरच्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेत ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले?’ हा प्रश्न साऱ्या नाशकात विचारला जातो आणि पंचवटीत वाढलेल्या माणसाकडे त्याच्या कितीतरी आठवणी असणार. पूर ओसरून घाट धुतला गेल्यावर त्यांनी नातवंडांना त्या मूर्तीपाशी न्यावे आणि त्यांच्या लहानपणी पाणी कोठवर आले होते, ते हात लावून दाखवावे. तूर्त या शनिवारची किल्ली मागून घ्यावी आणि पाणी शिंपडायला दोन्ही मुलांना वेगवेगळी बादली द्यावी.