लाल पेनाने अधोरेखित केलेली 17 वाक्यं

पत्र आलंय गडहिंग्लज तालुक्यातून, हायस्कूलला गणित शिकवणाऱ्या एका वडिलांचं. लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. मुलीला बारावी सायन्सला 71 टक्के, मग घरी भांडून ती पुण्यात डिजिटल मीडियाच्या डिग्रीला गेली, पहिलं वर्ष आत्ताच संपलं. वर्षभरात चार प्रोजेक्ट झाले: एसटी स्टँडवरची फोटो स्टोरी, गुऱ्हाळावरची चार मिनिटांची ऑडिओ डॉक्युमेंटरी, ग्रुपने केलेली शॉर्ट फिल्म आणि एक इन्स्टाग्राम कॅम्पेन. प्रत्येक प्रोजेक्टसोबत 'रिफ्लेक्शन' लिहून द्यायचं असतं, म्हणजे काय केलं, काय जमलं, काय फसलं. सुट्टीला घरी आली तेव्हा ती फाईल वडिलांच्या हाती लागली. त्यांनी त्यातली 17 वाक्यं लाल पेनाने अधोरेखित केली, सगळ्याची झेरॉक्स मला पाठवली आणि लिहिलं, 'हा तिचा स्वतःच्या अक्षरातला कबुलीजबाब आहे. तिच्यात ही कला नाही. आता तिला बी.एस्सी.ला घालावं की बँकेच्या परीक्षांना बसवावं, एवढंच सांगा.'

नमस्कार सर,

एवढंच सांगता येणार नाही. पत्र दोनदा वाचलं आणि मुलीची काळजी वाटण्याऐवजी मला तुमच्या त्या लाल पेनाचीच काळजी वाटायला लागली.

तुम्ही तिची फाईल वाचलीत हे तिला माहितीये का? पत्रात कुठेच उल्लेख नाही, त्यामुळे मी नाही असंच धरून चालते. ती फाईल तिने तिच्या सरांसाठी लिहिली होती, त्यांनीच सांगितलं होतं की काय फसलं ते प्रामाणिकपणे लिहा, आणि पोरीने लिहिलं. आता ते बापाने वाचलं, त्यावर शेरे मारले आणि एका अनोळखी बाईला पुराव्यासारखं पाठवून दिलं हे तिला कळेल तेव्हा काय होईल? पुढच्या वर्षीपासून ती रिफ्लेक्शन तुम्हाला डोळ्यासमोर ठेवून लिहील. सगळं गुळगुळीत, सगळं छान. तुम्ही वर्गात पोरांना सांगत असाल ना, पायऱ्या दाखवा, खोडलेलं असलं तरी चालेल, नुसतं उत्तर उतरवू नका म्हणून? तिने पायऱ्या दाखवल्यात. तुम्ही त्यावरच मार्क कापलेत.

आणि मला जास्त खटकलं ते वेगळंच. तीन पानी पत्र आहे, त्यात तिचे बारावीचे मार्क आहेत, मेसचा खर्च आहे, तिच्या मामेभावाचं पॅकेज आहे, शेजारी काय म्हणतात तेही आहे, पण ती गुऱ्हाळावरची चार मिनिटं तुम्ही ऐकलीत असं एका ओळीतही नाही. फोटो बघितले असंही नाही. म्हणजे काय फसलं त्याची यादी वाचली आणि निकाल लावून मोकळे झालात, मूळ काम बघितलंच नाही.

आता तुम्ही अधोरेखित केलेल्या वाक्यांकडे येऊ, कारण मी ती वाचली आणि मला त्यात भलतंच काहीतरी दिसलं.

गुऱ्हाळाच्या पानावर तुम्ही लाल केलेलं वाक्य आहे, 'मी चुकीच्या वेळी प्रश्न विचारला.' त्याच्या पुढच्या चार ओळी वाचल्यात का? ती लिहिते की काहिलीत रस आटत आला होता, गूळ बनवणारे गुळव्या मामा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बघत होते, तेवढ्यात हिने विचारलं की तुम्ही हे कुणाकडून शिकलात, आणि त्यांनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. थांब. ती लिहिते, 'तेव्हा कळलं की या माणसाची कामाची वेळ आणि बोलायची वेळ वेगळी आहे आणि ती मी ठरवू शकत नाही.' सर, डॉक्युमेंटरी करणाऱ्या कित्येकांना हे उमगायला वर्षं जातात, काहींना तर शेवटपर्यंत उमगत नाही, ते माईक तोंडासमोर धरून 'कसं वाटतंय' विचारत फिरत असतात. हिला पहिल्या वर्षाला उमगलं आणि तिने ते लिहूनही ठेवलं.

दुसरं वाक्य, 'पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण वाया गेलं.' गेलंच. चरकाच्या इंजिनशेजारी बसून मोबाईलवर मुलाखत घेतली तर दुसरं काय होणार. मग तिने ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढायचा प्रयत्न केला आणि मामांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायला लागला, कारण इंजिनची घरघर आणि माणसाचा आवाज एकमेकांत मिसळलेले असले की एक खरवडताना दुसराही थोडा खरवडला जातो. इथवर कुणीही येतं. पण ही दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेली, चरक बंद असताना आवाज वेगळा घेतला, काहिलीचं रटरटणं वेगळं, चुलवाणात चिपाडं पेटतानाचं वेगळं, इंजिन चालू होतानाचं वेगळं, आणि वर मिनिटभर कुणीही न बोलता नुसती त्या जागेची शांतता घेतली, ज्याला हे लोक रूम टोन म्हणतात. मग एडिटला बसून सगळं एकावर एक रचलं. आणि यातली लाल रेघ कशाखाली, तर 'वाया गेलं' एवढ्याच शब्दांखाली.

तिसरं तर खास तुमच्यासाठी आहे, कारण तुम्ही गणिताचे आहात. शॉर्ट फिल्मच्या पानावर तिने लिहिलंय, 'सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तिसऱ्या मिनिटाला आवाज मागे पडतो, का ते मला कळलं नाही.' तुम्ही 'कळलं नाही' ला दोन रेघा मारल्यात. सर, आवाज आणि चित्र यांच्यातला फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर क्लिप थोडी सरकवली की काम भागतं. पण फरक वाढत जात असेल तर सरकवून उपयोग नाही, तिथे दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालतायत. एका रेषेला फक्त अंतर आहे, दुसरीला चढ आहे, हे तुम्ही दहावीला शिकवता. मोबाईलचा कॅमेरा बऱ्याचदा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो वेग, स्थिर ठेवत नाही, उजेड कमी-जास्त झाला की तोही वर-खाली होतो, आणि वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज मग हळूहळू सुटत जातो. हॅंडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून फाईल आधी स्थिर फ्रेम रेटची करून घ्यायची आणि मगच एडिटला घ्यायची, एवढा त्याचा उपाय. तिला उपाय माहिती नव्हता, पण नेमकं काय बिघडतंय ते तिने बरोबर टिपलं, फरक वाढतोय हे टिपलं. हे ज्याला दिसतं त्याला उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही.

काळजीचं रिफ्लेक्शन कसं असतं ते सांगते, माझ्याकडे ढिगाने येतात. 'या प्रोजेक्टमधून आम्हाला टीमवर्कचं महत्त्व समजलं. वेळेचं नियोजन शिकलो. खूप मजा आली.' बास. कुठला शॉट, कुठली अडचण, परत केलं तर काय बदलाल, काहीच नाही. तुमच्या मुलीने असं लिहिलं असतं तर तुम्ही खूश झाला असता आणि मी तुम्हाला म्हटलं असतं की थोडं बघा हिच्याकडे.

आता तुमच्या त्या वाक्यावर येते, 'शेजारच्या मुलाने सहा महिन्यांचा एडिटिंगचा क्लास केला, सॉफ्टवेअर शिकला, कमावतोय, मग हिला तीन वर्षं कशाला?' हा गैरसमज गावोगाव आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. सॉफ्टवेअर शिकणं म्हणजे मीडिया शिकणं नाही, सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर शिळा होणारा भाग आहे. व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन घरी बसून मिळतं, ऑडॅसिटी फुकट, थ्रीडी ॲनिमेशनचं ब्लेंडर फुकट, शिकवणारे व्हिडिओ तर मोजता येणार नाहीत. एकेकाळी आपल्याकडे प्रत्येक मल्टिमीडिया क्लासच्या बोर्डावर फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं असायचं, पालकांनी हजारो रुपये भरले, आणि 2020 संपताना अडोबी कंपनीने ते चालवणारा फ्लॅश प्लेयरच बंद केला. 2011 मध्ये ॲपलने फायनल कट प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आणलं ते इतकं बदलून आणलं की जुन्यावर हात बसलेले कित्येक एडिटर वैतागून अडोबीच्या प्रीमियरकडे गेले. ज्यांना कट कुठे मारायचा आणि का मारायचा हे कळत होतं ते थोड्याच दिवसांत नव्या ठिकाणी रुळले, ज्यांना फक्त बटणं पाठ होती त्यांना परत पहिलीत बसावं लागलं. एआयचंही तेच, नॉइज काढणं, सबटायटल टाकणं ही कामं मशीन करतंच आहे आणि पुढे जास्त करेल, त्यामुळे नुसत्या बटणांवर उभ्या असलेल्या मुलांचे हाल होणारच. शेजारचा मुलगा कमावतोय याचा मला आनंद आहे, लग्नाचे व्हिडिओ ही चांगली कमाई आहे, नाक मुरडायचं कारण नाही. पण पाच वर्षांनी तो काय करतोय ते बघा आणि मग तुलना करा.

पैशाचं खोटं सांगणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी असतो, कामाचे तास विचित्र असतात, फ्रीलान्स केलं तर पैसे वेळेवर मिळण्यासाठी दहा फोन करावे लागतात. पोरीला हे माहिती असलं पाहिजे आणि तुम्हालाही. पण त्यासाठी पहिल्याच वर्षाला गाशा गुंडाळायची गरज नाही. बँकेच्या आणि एमपीएससीच्या बऱ्याच परीक्षांना कुठलीही पदवी चालते, ते दार तीन वर्षांनीही उघडंच असेल. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे हे तुम्ही बरोबर शोधून काढलंत, पण सोय आहे म्हणून वापरलीच पाहिजे असं काही नाही.

पदवीनंतरचे रस्ते नेहमीचेच, पुण्यात एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट, अहमदाबादला एनआयडी ही डिझाइन इन्स्टिट्यूट, पवईला आयआयटीचं आयडीसी हे डिझाइन स्कूल, पत्रकारितेकडे वळली तर आयआयएमसी ही जनसंज्ञापन संस्था, त्यांचं अमरावतीलाही केंद्र आहे. यावर आत्ता डोकं खाऊ नका. एकच नोंदवते, तिच्या चारही पानांत ती जिथे रंगून लिहिते तिथे आवाजाचाच विषय आहे. या क्षेत्रात कॅमेऱ्यामागे रांग लागलेली असते, एडिटसाठी त्याहून मोठी, आणि साउंडकडे फार कमी पोरं वळतात. साउंड डिझायनर रसूल पुकुट्टींना 2009 मध्ये ऑस्कर मिळालं ते साउंडसाठीच, आणि ते शिकले पुण्याच्या एफटीआयआयमध्येच. ऑस्करच्या नावाने तुम्हाला भुलवायचं नाहीये, कुणाच्या पोरांना रोज ऑस्कर मिळत नाहीत, पण साउंड म्हणजे स्पीकर उचलणारा माणूस असं जे तुमच्या पत्रात डोकावतं ते तेवढं काढून टाका.

आणि हो, दीड लाखाचा लॅपटॉप कर्जाने घेऊन देऊ का असंही तुम्ही तळटीपेत विचारलंय. एकीकडे कॉलेज सोडवायचं आणि दुसरीकडे लॅपटॉप, तुमचं मन कुठे अडकलंय ते मला दिसतंय सर. नका घेऊ आत्ता, कॉलेजची लॅब आहे, ती वापरू दे. त्याऐवजी दोन पोर्टेबल हार्ड डिस्क आणि एक बरा कॉलर माईक घेऊन द्या.

आता पुढचं मुलीसाठी. हे तिला वाचायला द्या, पण त्याआधी फाईल कशी हातात आली ते तुमच्या तोंडाने तिला सांगा.

बाळ, तुझं सगळंच बरोबर आहे असं मुळीच समजू नकोस. फोटो स्टोरी आळसातून आलीये, स्टँडवर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे चेहरे काढणं हे पहिल्या वर्षाची निम्मी पोरं करतात, तू लिहिलंयसही की विषय रात्री अकराला ठरला. शॉर्ट फिल्म सबमिशनच्या दिवशी उघडल्यावर लाल स्क्रीन आणि 'मीडिया ऑफलाइन' आलं, कारण फुटेज मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर आणि मैत्रीण साताऱ्याला. यात नशिबाचा काही संबंध नाही. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा नियम जुना आहे आणि तो पाळायचा. पुढच्या वेळी आवाज वेगळा घेणार असशील तर टेकच्या, म्हणजे प्रत्येक सलग रेकॉर्डिंगच्या, सुरुवातीला टाळी वाजव आणि शेवटीही वाजव, म्हणजे किती सुटलं ते लगेच मोजता येईल.

इन्स्टाग्राम कॅम्पेनवर तू फक्त दोन ओळी लिहिल्यास आणि त्या दोन्हीत ग्रुपमधल्या मुलांना दोष दिलास. चारपैकी हे एकच पान मला खोटं वाटलं. ते परत लिही, कुणाला दाखवायला नको. आणि सुट्टी संपायच्या आत गुऱ्हाळावर जाऊन मामांना ती चार मिनिटं ऐकव, त्यांचा आवाज आहे, पुढे कुठल्या स्पर्धेला पाठवणार असशील तर आधी त्यांना विचारायला हवं. बाबांना गाडी काढायला सांग, रस्त्यात त्यांचंही ऐकून होईल.