2024च्या मोसमात पोगाचारनंतरचे दुसरे स्थान कोणाचे?

विजयांची संख्या आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचे गुण यांपैकी काय प्रमाण मानावे आणि त्यानुसार 2024च्या मोसमात पोगाचारनंतर माथ्यू व्हान डर पूलचे नाव घ्यावे की रेम्को इव्हनपूलचे, असा आपला प्रश्न आहे. पहिल्या स्थानाबद्दल वादाला जागाच नाही. स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार 58 दिवस शर्यतीत उतरला आणि 25 वेळा जिंकला. इटलीतली जिरो आणि फ्रान्समधली टूर या तीन-तीन आठवड्यांच्या दोन्ही शर्यतींत त्याने सहा-सहा टप्पे आणि अंतिम विजेतेपद घेतले, शिवाय झ्युरिकमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. हे तिन्ही किताब एकाच वर्षी जिंकणे त्याच्याआधी फक्त एडी मर्क्स (1974) आणि स्टीफन रोश (1987) यांनाच जमले होते.

दुसऱ्या स्थानासाठी केवळ विजय मोजले, तर 16 विजयांसह स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांतल्या वेगावर जिंकणारा, टिम मर्लिए पुढे येतो. जिरोचे तीन टप्पे आणि युरोपीय अजिंक्यपद ही त्याची कमाई मोठीच आहे. परंतु त्या सोळांमध्ये आखाती देशांतल्या सपाट रस्त्यांवरचे फेब्रुवारीतले टप्पेही येतात, आणि बेरजेत असा एक टप्पा आणि दगडी रस्त्यांवरची मानाची एकदिवसीय शर्यत पॅरिस-रुबे यांचे मोल सारखेच धरले जाते. स्प्रिंटरला मोसमात जिंकण्याच्या संधी पुष्कळ मिळतात, तर दगडी रस्त्यांवरच्या शर्यतींत तरबेज असलेल्याचा सगळा मोसम मार्च-एप्रिलमधल्या काही रविवारांवर तोललेला असतो. या दोघांना एका रकान्यात बसवणे मला मुळातच चुकीचे वाटते.

गुणांची पद्धत यापेक्षा बरी आहे, कारण तिच्यात शर्यतीचा दर्जा पाहिला जातो. टूरच्या विजेत्याला 1300, जिरोच्या विजेत्याला 1100, रुबे किंवा लिएजसारख्या मॉन्युमेंटला (सर्वांत मानाच्या पाच एकदिवसीय शर्यतींपैकी एकीला) 800 आणि टूरच्या एका टप्प्याला 210 गुण त्या मोसमात होते. म्हणजे टूरचे चार टप्पे जिंकणारा रुबेच्या विजेत्यापेक्षा 40 गुणांनी पुढे जातो. हा हिशेब सायकलिंग पाहणाऱ्या किती जणांना पटेल, याची मला शंका आहे. शिवाय सहकाऱ्यासाठी केलेल्या कामाला या कोष्टकात जागाच नाही. त्या वर्षीच्या मिलान-सान रेमो या मॉन्युमेंटमध्ये शेवटच्या किलोमीटरांत निसटू पाहणाऱ्यांना माथ्यू व्हान डर पूलने पुन्हा पुन्हा गाठले, म्हणूनच त्याचा साथीदार यास्पर फिलिपसन स्प्रिंटमध्ये जिंकू शकला. फिलिपसनला 800 गुण मिळाले. व्हान डर पूलच्या नावावर दहावा क्रमांक लागला.

व्हान डर पूलच्या बाजूने बोलायचे तर त्याचा वसंत ऋतू पुरेसा आहे. बेल्जियममधल्या टूर ऑफ फ्लँडर्स या एकदिवसीय शर्यतीत पावसाने कोपनबर्ग या चढाच्या दगडांवर असा चिखल झाला होता, की नामांकित सायकलपटू खाली उतरून, बुटांच्या क्लीट (पेडलमध्ये अडकणारे तळवे) घसरत असताना, सायकल ढकलत चढ चढत होते. तो मात्र खोगिरावर बसूनच वर गेला आणि तिथून शेवटचे 45 किलोमीटर एकट्याने कापले. त्यानंतरच्या रविवारी रुबेला त्याने 60 किलोमीटर एकट्याने काढून तब्बल तीन मिनिटांनी शर्यत जिंकली. त्याआधी बेल्जियममधली ई-3 ही शर्यत जिंकलेलीच होती, आणि लिएजसारख्या चढणीच्या, त्याला न मानवणाऱ्या शर्यतीतही तो तिसरा आला.

तरीही माझे मत रेम्को इव्हनपूलच्या बाजूने आहे. 4 एप्रिलला बास्क प्रांतातल्या शर्यतीत उतारावर जो अपघात झाला, त्यात त्याचे गळ्याजवळचे हाड आणि खांद्याचे हाड मोडले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तो आयुष्यातल्या पहिल्या टूरच्या प्रारंभरेषेवर उभा होता. तिथे त्याने टाइम ट्रायलचा (एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचा) टप्पा जिंकला आणि अंतिम क्रमवारीत तिसरे स्थान मिळवले. पुढे पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने टाइम ट्रायल आणि रस्ता शर्यत अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. त्याआधी एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही पदके कोणाही पुरुषाने जिंकली नव्हती. रस्ता शर्यतीत सुमारे चार किलोमीटर उरले असताना त्याचे चाक पंक्चर झाले आणि सायकल बदलावी लागली. तरी तो एक मिनिटाहून अधिक फरकाने जिंकला. झ्युरिकला टाइम ट्रायलच्या सुरुवातीआधी काही क्षण त्याची साखळी उतरली, आणि तरीही त्याने फिलिप्पो गान्नाला सहा सेकंदांनी मागे टाकून विश्वविजेतेपद राखले.

दोघे समोरासमोर आले तेव्हा काय झाले, हेही पाहावे. पॅरिसच्या रस्ता शर्यतीत व्हान डर पूल बारावा आला. झ्युरिकच्या रस्ता शर्यतीत मात्र तो तिसरा आणि इव्हनपूल पाचवा आला, म्हणजे या कसोटीवर दोघांत फारसे अंतर राहत नाही. मला फरक जाणवतो तो पल्ल्याचा. व्हान डर पूलची मोठी कमाई मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये एकवटलेली आहे. इव्हनपूलची मात्र जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, तीन आठवड्यांच्या शर्यतीत, घड्याळाविरुद्ध आणि एकदिवसीय शर्यतींतही दिसते. ऑक्टोबरमधल्या लोम्बार्डिया या मॉन्युमेंटमध्येही पोगाचारच्या मागे दुसरा तोच होता.

योनास विंगेगोरचे नाव प्रश्नात नाही, पण त्याला वगळणे मला योग्य वाटत नाही. बास्क प्रांतातल्या त्याच अपघातात त्याच्या फुफ्फुसाला इजा झाली आणि फासळ्या मोडल्या. असे असूनही तो टूरमध्ये दुसरा आला आणि ल लियोरानच्या टप्प्यावर त्याने पोगाचारला दोघांच्या स्प्रिंटमध्ये हरवले. तिसऱ्या स्थानासाठी मी व्हान डर पूलला पसंती देतो, पण टूरलाच सर्वोच्च मानणाऱ्याने तिथे विंगेगोरचे नाव लिहिले, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.