सुक्या वनस्पतींसाठी मध्यम किमतीचा पोर्टेबल व्हेपोरायझर घेताना काय पाहावे?

व्हेपोरायझर म्हणजे सुका पाला न जाळता तापवून त्याची वाफ ओढण्याचे उपकरण. बदलता येणारी बॅटरी आणि एकेका अंशाने तापमान ठरवण्याची सोय असलेले उपकरण घ्यावे. मोबाइल ॲप किंवा रंगीत पडद्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. कारण अशा उपकरणात सहसा सर्वांत आधी थकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता काहीशे वेळा चार्ज केल्यावर जाणवण्याइतकी घटते, आणि ती आत बंदिस्त असेल, तर बाकी सर्व भाग उत्तम चालत असतानाही उपकरण निकामी ठरते. १८६५० आकाराची सुटी बॅटरी (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी) मात्र सहज मिळते. तापमान साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत नेमके राखता आले पाहिजे, कारण त्याहून फार वर गेल्यास पाला करपू लागतो आणि वाफेऐवजी धूर येतो. केवळ पाला भरायच्या भांड्याच्या भिंतीतून तापवणारी उपकरणे स्वस्त पडतात, परंतु मधूनमधून ढवळले नाही तर कडेचा पाला काळपट होतो आणि मधला हिरवाच राहतो. पाल्यातून गरम हवा खेळवणारी उपकरणे माझ्या मते चवीलाही सरस असतात. जाळी आणि मुखनळी सुटी होते ना, हेही अवश्य पाहावे, कारण त्यांवर साचणारा चिकट तपकिरी थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवूनच नीट निघतो. मात्र धूर टळला म्हणून वाफ निरुपद्रवी ठरत नाही. दमा किंवा फुफ्फुसाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय खरेदी करू नये.