उशाशी पिस्तूल ठेवण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेजारी चोरी झाल्यापासून रात्री खुट्ट वाजलं तरी तू उठून बसतोस, दाराच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासतोस आणि झोपलेल्या लेकीकडे बघत पहाट करतोस, हे वाचून जीव कळवळला. पिस्तूल घ्यावं का, असं तू विचारलं आहेस. मी इतकी वर्षं नेमबाजी शिकवली, तेव्हा मी होकार देईन असं तुला वाटलं असेल. पण मी नको म्हणतो आहे. का, ते नीट सांगतो.

तुझी भीती खोटी नाही. आपल्या माणसांच्या जिवावर बेतलं तर प्रतिकार करायचा हक्क जवळजवळ प्रत्येक देशाचा कायदा मानतो. मदत पोचायला तास लागेल अशा आडजागी राहणारं कुटुंब, किंवा सोडून दिलेल्या नवऱ्याने जिला जिवे मारण्याची धमकी दिली आहे अशी बाई, यांनी हत्याराचा विचार केला तर त्यांना चार शब्द सुनावायला मी जाणार नाही. तुझी परिस्थिती तशी नाही.

आता त्या रात्रीची कल्पना कर. पिस्तूल कुलपात, काडतुसं दुसरीकडे, आणि दार फुटल्याचा आवाज. झोपेतून उठून, अंधारात, थरथरत्या हातांनी किल्ली शोधायची, मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, भरायची. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मग तू म्हणशील, भरलेलं पिस्तूल उशाशीच ठेवतो. पण जे तुझ्या हाताला दोन सेकंदांत लागतं, ते तुझ्या लेकीच्या हातालाही लागतं. लहान मुलाला ठाऊक नाही अशी जागा घरात नसते. हा पेच मला इतक्या वर्षांत सुटलेला नाही. आणि नेमबाजीच्या रेंजवर उजेड असतो, लक्ष्य जागचं हलत नाही, समोर कोण आहे याची शंका नसते. घरातल्या अंधारात उभी असलेली आकृती चोराची की पाणी प्यायला उठलेल्या बायकोची, हे क्षणात ओळखायचं असतं.

पण मला चोरापेक्षा आणि अपघातापेक्षाही जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अमेरिकेत २०२१ साली ४८,८३० माणसं बंदुकीने मेली. त्यातल्या २६,३२८ जणांनी ती स्वतःवरच चालवली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा काही तासांची असते; ती ओसरली की माणूस जगतो, आणि अशा प्रयत्नातून वाचलेले बहुतेक जण पुढेही जगतात. बंदूक ते काही तास मिळू देत नाही. इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ मध्ये ती तळावरच ठेवून जायचा नियम झाला. त्यानंतर त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. सैनिक तेच, दुःखं तीच. फक्त त्या रात्री हाताशी रायफल नव्हती.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी माझं पिस्तूल क्लबच्या तिजोरीत ठेवायला दिलं. जीव द्यायचं मनात होतं असं नाही. पण माझ्या रात्री मलाच ओळखू येईनाशा झाल्या होत्या. ते मी परत आणलं नाही. तू आज एकतीस वर्षांचा आहेस, घट्ट मनाचा आहेस. पिस्तूल मात्र घरात चाळीस वर्षं राहील. तेवढ्यात नोकरी जाईल, कुणाला आजारपण येईल, लेक सोळा वर्षांची होईल आणि एखाद्या संध्याकाळी दार लावून घेऊन रडत बसेल. त्या प्रत्येक दिवशी ते तिथेच असेल.

तू स्वातंत्र्याचाही मुद्दा काढला आहेस, आणि तो मी हलका मानत नाही. अमेरिकेने शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ मध्ये घटनादुरुस्तीने दिला. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं. उलट ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थर गावी गोळीबारात ३५ जणांची हत्या झाल्यावर लाखो बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. कुठल्या सरकारचं बरोबर, यावर आपण कधीतरी निवांत बोलू. तुझ्यापुरतं एवढंच, की घरात स्वातंत्र्य एकट्याचं नसतं. कॅलिफोर्नियात १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःकडे पिस्तूल नसलेली, पण ते असलेल्या माणसाबरोबर राहणारी माणसं इतरांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात खुनाला बळी पडली होती. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सातपट होतं, आणि त्या मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. हक्क तुझा, धोका तिचा.

आधी दार भक्कम कर. बाहेर उजेड कर. झोपायच्या खोलीला आतून जाड अडसर बसव, फोन आतच ठेव, आणि आवाज आला तर लेकीला घेऊन सगळे तिथे जा. चोराला बहुधा वस्तू हव्या असतात. त्या नेऊ दे. कुत्रा पाळायची तयारी असेल तर फारच छान.

आणि एवढं वाचूनही घ्यायचंच ठरवलंस, तर आधी माझ्याकडे ये. मी स्वतः शिकवीन. पिस्तूल रिकामं आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि घरातल्या कुणाचंही मन खचलेलं दिसलं की त्याच दिवशी ते घराबाहेर. या अटींवर मी तसूभरही मागे हटणार नाही.

तुझ्या पत्रात तुझ्या बायकोचं मत कुठेच नाही. तिला हे पत्र वाचायला दे, मग ती काय म्हणते ते मला लिही.

तुझे
सर